गाळ्याची पळण

लालबाग, मुंबई १२
गुरुवार, १२ जानेवारी १९५६

प्रिय राधा,

तुला आणि गुरुजींना माझा नमस्कार. इकडे बाबा, आत्या आणि मी ठीक आहोत. आत्याच्या खानावळीत माणसं वाढली आहेत, त्यामुळे ती सकाळी चिडलेली आणि रात्री दमलेली असते, मधल्या वेळात प्रेमळ. हे पत्र नेहमीप्रमाणे आईला ओट्यावर बसवून वाचून दाखव.

पळणीसाठी देवीचा कौल मिळाला आणि येत्या मंगळवारी सगळं पोयनाळ गाव वेशीबाहेर निघणार, हे तू कळवलंस. ते मी गाळ्यात मोठ्याने वाचलं. तू मुंबई पाहिलेली नाहीस म्हणून सांगते, गाळा म्हणजे एक लांबट खोली. आपल्या गावचे गिरणीतले सगळे पुरुष तिथे राहतात, पाळी संपवून आलेला आडवा होतो तेव्हा पाळीला जाणारा उठतो. कोपऱ्यात फळीवर आपल्या ग्रामदेवीचा, पावणाईचा नारळ. बाबा तिथे राहतात आणि जेवायला इकडे आत्याकडे येतात, मी आत्याजवळ झोपते.

मी शिकवते त्या शाळेत ठाकूरद्वारच्या एक कांताबाई शिक्षिका आहेत. फार शिकलेल्या, स्वभावाने चांगल्या. मधल्या सुट्टीत मी त्यांना आपली पळण सांगितली तर त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

“अख्खं गाव?”

“अख्खं. तीन रात्री गावात माणूस राहत नाही.”

“म्हातारी माणसं?”

“डोलीतून नेतात.”

“गुरं, कोंबड्या?”

“सगळी. मांजरंसुद्धा. टोपलीत घालून वर फडकं बांधायचं.”

“अहो, आणि चोर आले तर?”

“आमचे चोरही आमच्याच गावचे. तेही बाहेरच असतात.”

त्या इतक्या हसल्या की दुसऱ्या वर्गाच्या बाई बघायला आल्या. मग मला चेव आला. खाडीपलीकडच्या झापांच्या खोपी सांगितल्या, अंधाऱ्या रात्री खाडीत हात घातला की पाणी निळं पेटतं ते सांगितलं, देवराईतले धनेश भरदिवसा गावावरून खुशाल उडतात ते सांगितलं. निघताना प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर राख पसरतात आणि परतल्यावर तीत कोण येऊन गेलं त्याची पावलं बघतात, हेही सांगितलं. साळिंदर, उदमांजर, भेकर. मी म्हटलं, आमच्या उंबऱ्यावर एकदा वाघाचं पाऊल होतं. राधा, ते वाघाचं होतं का गं? आई वाघाचं म्हणायची, पण तो बिबळ्याही असेल. कांताबाईंना उद्या सांगायला हवं की मला नक्की माहीत नाही. नाहीतर माझ्या तोंडचं म्हणून त्या ते दहाजणींना सांगतील.

पहिल्या चुलीचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते सांगताना माझा आवाज बदलतो. सगळ्या गावाने चुली विझवून जायचं आणि परतल्यावर पहिला विस्तव आमच्या घरी, घाड्यांचा मान म्हणून आईच्या हाताने, तिथून तो घरोघर. चुलीच्या मानकरणीने पळण सोडून एकही रात्र वेशीबाहेर काढायची नाही, म्हणून आई मुंबईला आली नाही. लग्नानंतर बाबा इथे आणि ती तिथे. कांताबाईंनी विचारलं असतं, “असं का?”

गाळ्यात मात्र तुझ्या पत्राने वाद पेटला. मागच्या खेपेला ज्यांना रजा मिळाली नाही त्यांनी इथेच पळण पाळली होती. गाळ्याला कुलूप, स्टोव्ह बंद, नारळ घेऊन सगळे तीन रात्री मैदानात. आत्याने तीन दगडांवर भात शिजवला, कुणी दशावतारातली सोंगं काढली, मजा झाली होती. यंदा शहरात वातावरण बरं नाही. नोव्हेंबरात फोर्टात गोळ्या झाडल्या ते तुला ठाऊकच आहे. गाळ्यातला धोंडू म्हणाला, “गाव थंय रवला कोकणात. हयसर खयची वेस आणि खयची पळण?”

कोंडूआजा गाळ्यातले सगळ्यांत थोरले. ते फळीकडे बोट दाखवून म्हणाले, “देवाचो नारळ हय असा. नारळ थंय गाव.”

“मगे गिरणीच्या भोंग्याक नारळ बांधूया,” धोंडू म्हणाला. “तीन दिस भरपगारी पळण!”

सगळे हसले. बाबाही हसले, पण म्हणाले, “मी घाडी. बायको थंय चूल पेटवतली आणि मी हय कुलपात निजान रवतलंय? ता बरा दिसाचा नाय.”

मी पत्राची घडी घातली. शिकलेली मुलगी बोलली की गाळ्यात सगळे आधी गप्प होतात आणि मग आपलंच करतात.

आईला सांग, थंडीत खोपीत झोपताना कानाला फडकं बांध. शनिवारी संक्रांत, तुला तिळगूळ इथूनच.

तुझी,
दुर्गा


लालबाग, मुंबई १२
मंगळवार, २४ जानेवारी १९५६

प्रिय राधा,

नमस्कार. आज टपाल सुरू झालं म्हणून लिहिते. हे पत्र ओट्यावर वाचू नकोस. आधी एकटीने सबंध वाच.

शाळा बंद आहे. गेल्या आठवड्यात सोमवारी रात्री रेडिओवर मुंबई केंद्राकडे जाणार अशी बातमी आली आणि आमच्या चाळीत कुणीतरी ताट बडवायला सुरुवात केली. मग एकेका मजल्यावरून सगळेच बडवू लागले. सकाळी रस्त्यावर दगड, उलटलेल्या हातगाड्या आणि कुणाच्या तरी चपला. पुष्कळ चपला. गिरण्यांचे भोंगे झाले नाहीत. अश्रुधूर आला की आत्या कांदे फोडून सगळ्यांच्या नाकाशी धरायची आणि म्हणायची, “आमटीचे कांदे गेले.” मग कर्फ्यू लागला. भाजी नाही, रॉकेल नाही. आत्याने तीन दिवस नुसती पेज वाढली आणि कुणी तक्रार केली नाही.

कांताबाई सुखरूप आहेत. त्यांच्या गल्लीतही गोळीबार झाला म्हणतात.

गावची पळण नीट झाली का? कुणी आजारी पडलं का? शुक्रवारी सकाळी आईने चूल पेटवली का?

हा शेवटचा प्रश्न मी उगाच लिहिला. उत्तर मला माहीत आहे. तिने पेटवली असणार. न्हाऊन, ठसठशीत कुंकू लावून, हिरव्या बांगड्या घालून. राधा, बाबा बुधवारीच गेले.

आता लिहिलं आहे, तर सगळं क्रमाने लिहिते.

मंगळवारी बाहेरचं सगळं पाहून मैदानाचा बेत मोडला. कोंडूआजासुद्धा म्हणाले, इतक्या माणसांनी बाहेर निजायचं म्हणजे मरण. पण नारळाला गाळ्यात ठेवून पळण कशी होणार? मग त्यांनीच तोड काढली. सगळ्यांच्या वतीने एकाने नारळ घेऊन बाहेर बसायचं. चाळीचं लोखंडी फाटक ही वेस. एक कोण, हे कुणी बोललंच नाही. बाबा घोंगडी घेऊन उठले होते.

फाटकाबाहेर बोळ आहे, तिथे बंद पडलेल्या दुकानाची पायरी आहे. तिथे ते बसले. मी गजांतून चहा दिला. म्हटलं, “बाबा, हे गाव नाही. देवाला कळतं.”

ते म्हणाले, “देवाक कळता गो. तुज्या आयशीक काय सांगू? ती माज्यासाठी वीस वर्सां वेशीच्या आत बसली. मी तीन रात्री भायर बसाक नको?”

त्यांनी चहा प्यायला, कप गजांतून परत दिला आणि म्हणाले, “साकर कमी घाल. आत्या वराडतली.”

बुधवारी दुपारी मोठ्या रस्त्यावरून आवाज आले. फटाक्यांसारखे असतात असं लोक सांगतात, तसे नव्हते. फळी आपटल्यासारखे होते. लोक बोळात धावत आले. बाबांनी फाटक ढकलून धरलं आणि सगळ्यांना आत घेतलं. बायका, एक बर्फवाला, कुणी कुणी. मी जिन्यावर होते. आत्या ओरडत होती, “दत्ता, आत ये! मेल्या, नारळ घेवन ये, पण आत ये!” बाबांनी तिच्याकडे पाहिलं. सगळे आत आल्यावर ते बाजूला झाले आणि परत पायरीवर जाऊन बसले. कुणीतरी आतून कडी लावली. ते माझ्याकडे बघून हाताने ‘वर जा’ म्हणत होते. तो हात तसाच वर होता आणि ते एका बाजूला कलले. मला वाटलं, नारळ घरंगळला म्हणून वाकले.

गोळी कुठून आली कुणी पाहिलं नाही. मी त्यांच्यासमोर होते आणि मीही पाहिलं नाही.

परळच्या इस्पितळात नेलं तेव्हा श्वास नव्हता. प्रेतयात्रेला चौघांना परवानगी मिळाली. मुलगा नाही, म्हणून अग्नी धोंडूने दिला. मी गेले नाही, बायकांना नेत नाहीत. खरं म्हणजे मी विचारलंच नाही. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी दिवसभर धरून होते असं आत्या म्हणते. मला आठवत नाही. अजूनही मी भांडी घासते, जेवते, कुणी काही विचारलं तर नीट उत्तर देते आणि मग एकदम कळतं की त्यांनी काय विचारलं ते मी ऐकलंच नव्हतं.

आता ज्यासाठी हे पत्र तुझ्या एकटीच्या हातात आहे, ते.

धोंडू तार करायला निघाला होता. कोंडूआजांनी त्याला दारात अडवलं. तार आली की तालुक्याहून आणणारा माणूस वाटेत चार गावांत सांगत येतो. बुधवार म्हटलं की सगळ्या पोयनाळला कळणार की शुक्रवारी पहिली चूल विधवेने पेटवली आणि तोच विस्तव घरोघर गेला. तिला ठाऊक नव्हतं हे कोण ऐकून घेणार? यंदा कुणाची गाय मेली, कुणाचं मूल दगावलं, तरी ते तिच्या कपाळी जाईल. पाणवठ्यावर तिला कुणी जवळ येऊ देणार नाही.

“शनवार लिही,” आजा मला म्हणाले. “चूल पेटली शुकरवारी, तो गेलो शनवारी. कोणाचा काय बिघडता? देव काय क्यालेंडर बघता?”

गाळ्यातले सगळे मान हलवत होते. या माणसांची पत्रं मी बारा वर्षांची असल्यापासून लिहिते. ज्याने जे सांगितलं तेच लिहिलं, कुणाच्या रागाचासुद्धा शब्द कमी केला नाही, म्हणून ती माझ्याकडे येतात. आज तीच मला एक शब्द बदल म्हणत होती.

मी म्हटलं, “श्राद्ध?”

“काय श्राद्ध?”

“शनिवार लिहिला तर आई दरवर्षी शनिवारच्या तिथीला पान वाढेल. बाबा आपल्या तिथीला येतील आणि घरी काही नसेल.”

मग आत्या म्हणाली, आणि ती हळू बोलली म्हणून मला जास्त लागलं, “मेलेल्याक एक दिस उपास घडलो तर चलात. जित्या बाईक त्या गावात रवाचा असा. तू हय इस्टोव्ह घेवन मुंबयत बसतलंस. तिका पाणी कोण देतला?”

ती बरोबर बोलते आहे, राधा. कोंडूआजाही चुकीचं बोलत नाहीत. मी सहा दिवस विचार केला. खोटं लिहिलं तर मी आईला वाचवते आणि फसवतेही. खरं लिहिलं तर माझं मन स्वच्छ राहतं आणि त्याची किंमत ती देते. अशा खरेपणाची मला लाज वाटते. पण कुंकू तिचं होतं, नवरा तिचा होता. तो कधी गेला हे ठरवायला मी कोण?

म्हणून तुला खरं लिहिते आहे. तिला गोठ्यात ने, दार लोटून घे आणि हे सगळं वाचून दाखव. बुधवारही सांग. शनिवारही सांग, म्हणजे गाळ्याने काय सुचवलं तेही. बाहेर काय सांगायचं ते तिला ठरवू दे. ती शनिवार म्हणाली तर तू आणि मी जन्मभर शनिवार म्हणू. मी पावणाईची शपथ घेऊन तसं म्हणेन.

तिला एकटी सोडू नकोस. रात्री तिच्याजवळ झोप.

तुझी,
दुर्गा


लालबाग, मुंबई १२
शुक्रवार, १० फेब्रुवारी १९५६

प्रिय राधा,

तुझं पत्र मिळालं. नमस्कार लिहायचा राहून गेला, तो इथे घे.

तू लिहितेस की आई रडली नाही, तिने फक्त एवढंच विचारलं, “चुलीच्या आदी काय मागसून?” तू ‘आदी’ म्हणालीस. मग तिने गोठ्यातच बांगड्या फोडल्या, तशीच देवळात गेली आणि मानकऱ्यांसमोर उभी राहून म्हणाली, “तुमच्या चुलीत माजो विस्तव असा. तो घाडी जिवंत नसताना पेटलो. माका ठावक नव्हता. आता असा. तुमका काय करूचा ता करा.”

हे मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. आई चार माणसांत बोललेली मी कधी पाहिलेली नाही. तिने शनिवार घ्यावा अशी मी मनातून वाट बघत होते, हे आता मला कळतं. तिने तो घेतला नाही.

त्यानंतरचंही वाचलं. घरोघरच्या चुली विझवल्या, शेजारच्या गावातून विस्तव आणला. आईला कुणी शिवी दिली नाही, पण विहिरीवर ती गेली की बायका कळशा उचलतात. आणि आता मानकऱ्यांनी कौल लावला आहे, शिमग्याआधी गावाने पुन्हा बाहेर पडायचं आणि परतल्यावर पहिली चूल घाडीच्या कुमारिकेने पेटवायची. म्हणजे मी. मी पेटवली की दोष गेला, आईला पुन्हा सगळे शिवतील, बोलतील. आणि मान माझ्याकडे आला की वेस माझ्याभोवती आली. शाळा सुटली, मुंबई सुटली.

पत्र वाचून मी उठून उभी राहिले आणि पुन्हा बसले. आत्याने विचारलं, “काय झाला?” मी सांगितलं. तिच्या हातात कणकेचा गोळा होता, तो तिने परातीत टाकला. “बापूस गिळल्यानी,” ती म्हणाली, “आता चेडू व्हया?”

गाळ्यात मात्र कोंडूआजा म्हणाले, मान आहे, नाही म्हणू नये. ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी बुधवार कळवला म्हणून त्यांनी आपलं पत्र पोस्टाबाहेरच्या लेखनिकाकडून लिहून घेतलं. बाकीचेही तिकडेच जातात. धोंडू तेवढा येतो, काही लिहायचं नसलं तरी येऊन बसतो.

मी जायचं ठरवलं होतं, राधा. खरंच. माझ्या एका शब्दामुळे आईचं पाणी तुटलं, तर माझ्या हाताने ते जोडावं. मी मुख्याध्यापकांच्या नावे अर्जही मनात तयार केला होता. मग तुझ्या पत्राची मागची बाजू वाचली. तू तिथे आईचे शब्द तिच्याच बोलीत लिहिले आहेस: “तिका सांग, माज्यासाठी येव नको. मी त्या चुलीम्होरं जलम काडलंय, माका म्हायत असा. माका आता कोण अडवणारो नाय. तो ज्या पायरेर बसलो, ती पायरी माका बघूची असा.”

तिला मुंबईला यायचं आहे. चुलीचा मान गेला म्हणून ती येऊ शकते. यात आनंद मानावा की काय करावं मला समजत नाही. बाबा तिला इथलं काय काय दाखवायचं म्हणत होते. ती येते आहे ती एक पायरी बघायला.

मानकऱ्यांना कळव की मी चूल पेटवायला येणार नाही. कारण विचारतील, म्हणून लिहिते. पळण मला आजही सुंदर वाटते. तीन आठवडे झाले, मी रोज ठरवते की तिचा राग करायचा, आणि डोळे मिटले की पेटलेली खाडी दिसते. म्हणूनच मला भीती वाटते. मी ती चूल पेटवली, सगळं गाव विस्तवासाठी माझ्या दारात उभं राहिलं, तर मला ते आवडेल. मग मीही कधीतरी कुणाला तरी म्हणेन, सगळ्यांच्या वतीने तू एकटा बाहेर बस. आणि तो चांगला माणूस असेल, तो घोंगडी घेऊन उठेल.

कुणाच्या घरचा विस्तव पहिला, हे गावाने नव्याने ठरवावं. शिमग्यापर्यंत वेळ आहे. आमच्या घराची किल्ली आई तुझ्याजवळ देईल.

तिला बोटीवर बसवून दे. तिला समुद्र लागेल, लिंबू बरोबर दे. डेकवर बायकांच्या बाजूला बसव आणि तिच्या हातात या पत्त्याचा कागद नको, पत्ता तिला पाठ करून घे, ती पटकन करेल. कुठल्या बोटीने निघते ते धोंडूच्या नावे तार करून कळव. मी आणि आत्या भाऊच्या धक्क्यावर पहाटेपासून उभ्या राहू. तिला पायरीवर मी नेईन. फाटक मी आधी उघडून ठेवीन.

गावाची क्षमा मागते. गावाला क्षमा करणं मला अजून जमत नाही.

दुर्गा दत्ताराम घाडी